वर्गणी लोकांची, चहा कुणाचा? गावच्या सेवामंडळांच्या पैशाची जुनी गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

पावती पुस्तकं बाहेर निघायचे दिवस आलेत. आधी गणपती, मग देवी, पुढे सप्ताह. शिवाय वर्षभर चालणारी सेवामंडळं, मित्रमंडळं, प्रतिष्ठानं, रक्तदान शिबिरवाले, पाणपोईवाले वेगळेच. आपल्या पिशोरात काय किंवा कन्नड तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात काय, मंडळांची कमी नाही. कमी आहे ती दहा वर्षं टिकलेल्या मंडळांची. जोरात उद्घाटन, दोन वर्षं चांगलं काम, तिसऱ्या वर्षी "पैशाचं काय झालं" यावरून दोन गट, आणि चौथ्या वर्षी चौकात नुसता बोर्ड. ही कुठल्या एका मंडळाची गोष्ट नाही, म्हणून नाव घ्यायचंही कारण नाही.

बातमीदारी करताना अशी भांडणं पुष्कळ ऐकली. त्यात खरोखर पैसा खाल्लेला माणूस फार थोड्या वेळा सापडला. बहुतेक वेळा कुणाचा पैसा कुठल्या कामाला गेला हेच लिहिलेलं नसतं. सभासदांनी खिशातून काढलेली वर्गणी, बाजारपेठेतून आणलेली देणगी, पुढाऱ्याने दिलेलं पाकीट, सगळं एकाच पिशवीत. त्याच पिशवीतून शिबिराचा मंडप आणि त्याच पिशवीतून पोरांचं रात्रीचं जेवण. मग शंका येणारच. आणि एकदा शंका आली की पुढच्या वर्षी दुकानदार शंभराची नोट काढताना दहादा विचार करतो.

हा घोळ आजचा नाही. महाराष्ट्रात लोकांनी एकत्र येऊन, पैसा जमवून गावाचं काम करायची रीत दीडशे वर्षांची तरी आहे. त्या काळातल्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, कुठे सुटला नाही, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात कोकणातून करतो. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी कर्वे. दापोलीजवळच्या मुरुडचे. १८८४ साली पदवी घेतली, मुंबईत शिकवण्या आणि शाळांत नोकरी करत होते. १८८६ साली त्यांनी गावाबाहेर पोटापाण्यासाठी गेलेल्या मुरुडकरांना गोळा करून 'मुरुड फंड' काढला. कल्पना साधी. गावाबाहेर कमावणाऱ्याने कमाईतला ठरलेला वाटा गावाच्या सार्वजनिक कामासाठी द्यायचा. विधवाविवाह नाही, स्त्री-शिक्षण नाही, विद्यापीठ नाही, ते सगळं पुढे. कर्व्यांच्या सार्वजनिक कामाचा पहिला धडा हा गावच्या फंडाचा आहे, आणि आपण तो विसरतो.

या फंडात पैसा देणारे आणि तो सांभाळणारे एकच होते. सभासदांचाच पैसा, त्यामुळे हिशोब एकमेकांना द्यायचा. असा फंड चालवायला सोपा, पण त्याची झेप लहान. पंचवीस-तीस नोकरदार किती देणार? आजचंच गणित करा. पंचवीस सभासद, महिना शंभर रुपये. वर्षाचे तीस हजार. त्यात एक चांगलं शिबिर होतं, दवाखाना होत नाही.

मोठं काम काढायचं म्हटलं की लोकांत जावं लागतं. कर्वेही गेले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या बचतीतले १००० रुपये घातले आणि मगच दुसऱ्यापुढे हात पसरला. फर्ग्युसन कॉलेजातली नोकरी सांभाळून सुटीत गावोगाव फिरायचे. रावबहादूर गोखल्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, तिथे झोपडी उभी राहिली, आणि हा माणूस रोज शिकवणं संपल्यावर हिंगण्यापर्यंत चार मैल चालत जायचा. टांग्याचं भाडं आश्रमाच्या खात्यावर टाकलं असतं तर कुणी बोललं नसतं. स्वतःची ५००० रुपयांची विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरच्यांना ते आवडलं नाही, आणि घरच्यांचंही चुकलं म्हणवत नाही. संसार त्यांनाच ओढायचा होता.

आश्रमाचे वार्षिक अहवाल छापले जायचे. कुणी किती दिले, कशावर किती गेले. हे अहवाल हातात घेऊन कर्वे पुढच्या गावी जात, म्हणजे जुना हिशोब दाखवून नवी देणगी. आपल्याकडे उलटं चालतं. नवी देणगी मागायची आणि जुन्या हिशोबाचा विषय निघाला की "दादा, तुमचा विश्वास नाही का" म्हणायचं.

पुढे महिला विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी मिळाली. त्या काळातले १५ लाख! साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२ हजार ५०० रुपये नुसतं व्याज. पण मोठी देणगी एकटी येत नाही, सोबत अटी येतात. विद्यापीठाला देणगीदाराच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं, आणि मुख्यालय पुढे १९३६ साली पुण्याहून मुंबईला गेलं. बरोबर झालं की चूक, हा वाद आज उकरून उपयोग नाही. त्याच १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कर्व्यांनी परत छोट्या पैशाचं काम काढलं. शाळा नसलेल्या खेड्यांसाठी प्राथमिक शिक्षणाचं मंडळ, आणि त्यासाठी घरोघर फिरून चिल्लर गोळा करणं. लाखांची देणगी पाहिलेला म्हातारा परत आण्या-पैशांकडे आला, हे मला त्यांच्या भारतरत्नापेक्षा मोठं वाटतं.

आता चिल्लरचीच दुसरी गोष्ट. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला 'पैसा फंड' काढला. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यायचा, त्यातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांनी आणि 'केसरी'ने ही कल्पना उचलून धरली, स्वदेशीचे दिवस होते, आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काच बनवणं शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून आले. तळेगावला तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. एका पैशातून एवढं घडलं.

पण यातलं गणित बघा. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. म्हणजे चौसष्ट माणसांच्या दारात गेलं की एक रुपया. बत्तीसशे वस्तीच्या गावात घर न् घर फिरलं, एकानेही नाही म्हटलं नाही, तर पन्नास रुपये. फिरणाऱ्याने दोन वेळचं जेवण, गाडीभाडं फंडातून घेतलं असतं तर पन्नासातले किती उरले असते? छोटी वर्गणी टिकते ती फिरणारा फुकट फिरला तरच. म्हणून पैसा फंडवाले स्वयंसेवक जत्रेत, सभेत, सणाला, जिथे माणसं आपसूक जमतात तिथे उभे राहायचे. आज मोबाईलवर कोड दाखवून रुपया घेता येतो, तरी जमवणाऱ्याचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न तोच आहे.

साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवणार, तर धान्य आणायचं कुठून? त्यांनी मुष्टिफंड चालवला. बाईने रोज स्वयंपाकाला धान्य घेताना एक मूठ वेगळी काढून ठेवायची. साठलं की ते वसतिगृहाच्या कोठीत. पैशाने श्रीमंत नसलेल्या घरालाही देता येईल अशी ही देणगी. आणि धान्य कोठीतून थेट चुलीवरच जातं, खिशात घालून कुणी हॉटेलात नेत नाही. जिथे धान्य पुरलं नाही तिथे लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, ही गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली आहे. शिकवायची राहते ती एवढीच, की कमी पडल्यावर भर आपल्या घरातून घालायची असते.

गाडगेबाबांबद्दल फार लिहीत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकांच्या पैशातून एवढ्या धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः कुणाच्या तरी दारची भाकरी मागून खाल्ली. बायको-पोरांना त्या धर्मशाळांचा लाभ घेऊ दिला नाही. पुढे एकेका वास्तूचे रीतसर विश्वस्त नेमले, कागद केले. अंगठेबहाद्दर म्हणवणाऱ्या माणसाला ट्रस्ट म्हणजे काय ते आजच्या पदवीधर अध्यक्षांपेक्षा बरं कळत होतं.

आता आपल्याकडे येऊ. वरच्या सगळ्या गोष्टी ब्रिटिश मुलखातल्या. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे चार माणसांनी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची; 'गश्ती निशाण ५३' हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी ऐकलं असेल. खासगी शाळा काढायलाही सरकारची मर्जी लागायची. अशातही तेव्हाच्या औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन उभं राहिलं. खेड्यात मात्र मंडळ, फंड, संस्था असल्या शब्दांना जागाच नव्हती. जागा होती देवळाला, दर्ग्याला, भजनाला, सप्ताहाला. म्हणून मराठवाड्यातल्या गावाचा सार्वजनिक पैसा देवाच्या नावाने जमा व्हायला शिकला. शिवाय आपल्याकडचा रुपयाही वेगळा, हाली शिक्का. इंग्रजी कलदार शंभर म्हणजे आपले ११६ रुपये १० आणे ८ पै. खानदेशातल्या पाहुण्याने कलदारात देणगी दिली तर वहीत ती हालीत करून मांडायची. आज आपल्याला दोन खाती ठेवायला जड जातं, त्यांना दोन नाणी सांभाळायची होती.

सप्ताहाची रीत नीट बघितली तर ती मुष्टिफंडाचीच बहीण आहे. कुणी गहू, कुणी डाळ, कुणी तेलाचा डबा, घरोघरून पोळ्या. धान्याचा हिशोब पंगतीतच लागतो, दुसरा लागत नाही. हंगामाचंही शहाणपण त्यात आहे. गणपती भाद्रपदात येतात तेव्हा आपल्या शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. मका शेतात उभी, कपाशी फुटायची, अद्रक जमिनीत. म्हणून गणपतीची वर्गणी दुकानदार आणि नोकरदारावर पडते. माल निघाल्यावर येणारा सप्ताह मात्र सगळ्यांना झेपतो. ज्या सेवामंडळाला शेतकऱ्याची वर्गणी हवी त्याने पावती पुस्तक कधी काढायचं, हे यावरून ठरवावं.

एक खटकणारी गोष्ट. काल्याच्या दिवशी देणगीदारांची नावं माईकवरून वाचतात. "अमुक यांच्याकडून पाच हजार एक." टाळ्या. जमा वाचतात, खर्च वाचणारी गावं कमी. सगळं गाव समोर बसलेलं असतं, माईक चालू असतो, आणखी दहा मिनिटं लागतील फक्त.

खर्च वेगळा ठेवायचा सगळ्यात चोख नियम मला सापडला तो ज्यांची आपण थट्टा करतो त्या क्लबांत. रोटरी १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिसने काढली, लायन्स १९१७ साली मेल्विन जोन्सने, तीही शिकागोतच. मुंबईत रोटरी क्लब १९२९ साली आला, जिल्हा-तालुक्याला यायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. आपल्या डोळ्यांपुढे येतात ते कोट, पिना, पदग्रहण समारंभ आणि चेक देतानाचे फोटो. थट्टा करायला जागा आहे, मीही केली आहे. पण लायन्सचा नियम असा: दोन खाती. एक कारभाराचं, एक सेवाकार्याचं. लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला जाणार. क्लबची जेवणं, सभागृह, अधिवेशनाचा प्रवास हे सभासदांच्या वर्गणीतून. सेवेच्या खात्यातून चहासुद्धा नाही.

दुसरा नियम, दोन्हीकडे वर्ष १ जुलैला बदलतं. अध्यक्ष बदलतो, खजिनदाराने वह्या पुढच्याच्या हातात द्यायच्या. बारा महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी आपल्या वह्या उघडणार हे माहीत असलेला माणूस लिहिताना जपून लिहितो. आपल्याकडे संस्थापक-अध्यक्ष तहहयात असतात.

रोटरीच्या फाउंडेशनला मिळालेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती, कॅन्सस सिटीच्या क्लबने अधिवेशनाच्या खर्चातून उरलेली पाठवली होती. उरलेले पैसे परत करून खात्यावर लावले, एवढीच गोष्ट. त्याच फाउंडेशनचा पैसा १९८५पासून पोलिओच्या मोहिमेत गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्या गावात बूथवर बोटाला शाई लावून घेतलेली पोरं आज कॉलेजात आहेत.

या क्लबांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. वरच्या संघटनेला द्यायची वर्गणी डॉलरात ठरते. रुपया घसरला की छोट्या गावच्या क्लबाला चटका बसतो आणि सभासद गळतात. सेवा करायची तर आधी अमेरिकेला पैसे का पाठवायचे, हा प्रश्न गावातला माणूस विचारतो, आणि तो चुकीचा नाही. पण दोन खात्यांचा नियम पाळायला डॉलर लागत नाहीत.

आता कायदा, थोडक्यात, कारण इथेच मंडळं अडकतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० सालचा, मुंबई राज्याचा. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, आणि १९६०च्या सुमारास तो कायदा आपल्यालाही लागू झाला. नोंदणी केली की संपलं, असं आपल्याकडे समजतात. खरं काम तिथून सुरू होतं. दरवर्षी हिशोब तपासून दाखल करायचे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. कितीतरी जुन्या संस्थांच्या कागदावर आजही वारलेल्या माणसांची नावं आहेत. मग बँक सह्या मानत नाही आणि खात्यातला पैसा बघायला आहे, काढायला नाही. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांना वर्गणीसाठी कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर जमाखर्च द्यावा लागतो. परवानगी घेणारे बरेच आहेत. जमाखर्च द्यायला परत कोण जातं, ते ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

नवीन भानगड म्हणजे फलकावर छापलेला कोड. मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली कोड एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा. तो पोरगा शंभर टक्के प्रामाणिक असेल. पण त्याच्या पगाराचे, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे आणि मंडळाचे पैसे एकाच खात्यात. उद्या हप्ता आपोआप कटला तर कुणाच्या पैशातून कटला? सभासदांचा एक खिसा आणि लोकांचा एक खिसा हे तर लांबच राहिलं, इथे माणसाचा आणि मंडळाचाही खिसा एक झाला. दोन सह्यांचं मंडळाचं खातं उघडून कोड त्याचाच छापायचा, एवढंच काम आहे.

दुसरं, वस्तूंचं. रुग्णवाहिका, शवपेटी, थंड पाण्याचं मशीन यासाठी देणगीदार मिळतो, कारण वस्तूवर नाव लिहिता येतं. चालकाचा पगार, विमा, टायर, विजेचं बिल यावर नाव लिहायला जागा नसते. म्हणून किती गावांत रुग्णवाहिका चिंचेखाली उभ्या आहेत आणि पाण्याची मशीन बंद आहेत, फिरून बघा. वस्तू घ्यायच्या आधी पाच वर्षांच्या खर्चाचं गणित मांडावं, आणि तो खर्च सभासदांच्या मासिक वर्गणीतून निघत नसेल तर वस्तू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. देणगीदार नाराज झाला तरी चालेल.

आणि हे सगळं जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गल्लीतल्या बचत गटाच्या बैठकीत एकदा कोपऱ्यात बसून बघावं. दहा-बारा बाया. ठरलेल्या दिवशी बैठक, बचत गोळा, कर्ज कुणाला, हप्ता कुणाचा आला, कुणाचा राहिला, सगळं तिथल्या तिथे मोठ्याने बोललं जातं आणि सगळ्यांसमोर वहीत चढतं. पंचसूत्रीत हिशोब लिहिणं हे एक सूत्रच आहे. लिहिता न येणारी बाईसुद्धा आपला आकडा तोंडपाठ सांगते. त्यांचे नवरे ज्या मंडळाचे पदाधिकारी आहेत तिथे मात्र हिशोब अध्यक्षांच्या डोक्यात असतो.

शेवटी एक काम सांगतो. पिशोर, नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी, या पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर, देवळाच्या पेटीत, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सप्ताहाची, भजनी मंडळाची, वाचनालयाची रोजकीर्द किंवा पावती पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. हाली शिक्क्यातली नोंद असेल तर फारच उत्तम. ७२च्या दुष्काळातल्या किंवा ९३च्या किल्लारी भूकंपाच्या मदतफेरीच्या पावत्या असतील तर त्याही. पानांचे फोटो काढून मला मेसेज करा. व्यक्तींची नावं झाकून छापीन. आणि ज्या मंडळाला मागच्या वर्षीचा जमाखर्च जाहीर करायचा असेल त्यांनी तो पाठवावा. याच पानावर, एक अक्षर न बदलता, फुकट लावतो. लहान आकडा असला तरी लाजू नका.